उन्हाळ्यात पाळीव प्राणी सांभाळताना: घर, पाणी, फिरणं आणि उष्माघातावरचे पहिले उपचार

आपल्याला घाम येतो, तो वाळतो आणि अंग थंड होतं. कुत्र्याला, मांजराला, सशाला, पक्ष्याला ही सोय नाही. कुत्र्यामांजरांना घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, आणि तेवढ्याशा घामाने अंगातली उष्णता फारशी कमी होत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात जनावर सांभाळताना पहिली सवय मोडायची ती म्हणजे स्वतःच्या अंगावरून अंदाज बांधायची. तुम्हाला पंख्याखाली बरं वाटतंय म्हणून त्यालाही बरं वाटत असेल असं नाही. संध्याकाळी तुम्हाला हवा सुखद लागते, पण त्याच वेळी त्याच्या पायाखालचा रस्ता अजून तापलेला असतो.

अंगातली उष्णता बाहेर कशी जाते

कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो तेव्हा जीभ, तोंड आणि नाकाच्या आतल्या ओलसर भागावरून हवा वेगाने जाते. तिथलं पाणी वाफ होऊन उडतं आणि सोबत उष्णता घेऊन जातं. हे नीट चालायला दोन गोष्टी लागतात: श्वासाचा मार्ग मोकळा हवा आणि हवा कोरडी हवी. हवा दमट असेल तर पाणी फारसं उडत नाही. कुत्रा जोरजोराने धापा टाकत राहतो, त्या मेहनतीने स्नायू आणखी तापतात, आणि तापमान उतरण्याऐवजी चढत जातं. म्हणून हवामानाचा अंदाज पाहताना तापमानाबरोबर आर्द्रताही बघा.

पंख्याचंही असंच आहे. कोरड्या केसांवर नुसता वारा सोडला तर कुत्र्याला थोडंच बरं वाटतं. केस आणि पोट ओलं करून मग वारा दिला की खरा फरक पडतो. हा नियम लक्षात ठेवा, कारण प्रथमोपचारात तोच कामी येतो.

कुत्र्यामांजरांचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण १०० ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. आपल्यापेक्षा ते मुळातच जास्त, त्यामुळे हात लावून ताप ओळखता येत नाही. जनावरासाठी एक वेगळा डिजिटल थर्मामीटर घरात ठेवा. टोकाला व्हॅसलीन लावून तो गुदद्वारातून जेमतेम दोन सेंटिमीटर आत सरकवायचा असतो. हे कसं करायचं ते पशुवैद्यांकडून एकदा शिकून घ्या आणि जनावर शांत असताना मोजून पाहा, म्हणजे त्याचं नेहमीचं तापमान तुम्हाला माहीत राहील आणि संकटात पहिल्यांदाच खटपट करावी लागणार नाही.

कोणाला जास्त धोका

चपट्या नाकाचे प्राणी सगळ्यांत आधी. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, बॉक्सर, शित्झू ही कुत्री आणि पर्शियन मांजरं यांचा श्वासमार्ग जन्मतःच अरुंद असतो. ज्या धापांवर बाकीच्यांची भिस्त असते, त्याच यांना नीट टाकता येत नाहीत. घोरणं, घरघरणं हे आपण कौतुकाने पाहतो, पण ते श्वास अडखळत असल्याचं लक्षण आहे. अशा कुत्र्याला उन्हाळ्यात कमी फिरवलं तर त्यात त्याच्यावर कसलाही अन्याय नाही.

त्यांच्याखालोखाल लठ्ठ प्राणी, म्हातारे, अगदी लहान पिल्लं, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेले आणि दाट केसांचे प्राणी. वय झालेल्या लॅब्राडॉरसारख्या कुत्र्याचा आवाज बदलला, श्वास घेताना खरखर येऊ लागली तर उन्हाळा तोंडावर येण्याआधीच तपासणी करून घ्या, कारण घशातल्या झडपेचे स्नायू लुळे पडत असतील तर तेच उन्हात जिवावर बेतू शकतं. वजन जास्त असेल तर ते कमी करण्याइतका चांगला उपाय दुसरा नाही, पण तो हिवाळ्यापासून करायचा असतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हंगामातले पहिले गरम दिवस विशेष धोक्याचे असतात. शरीराला उष्णतेची सवय व्हायला काही आठवडे लागतात. थंडीत रोज तासभर धावणारा कुत्रा उन्हाळ्याच्या पहिल्या तडाख्यातही तेवढंच धावेल, आणि तिथेच कोसळेल. पहिले काही आठवडे त्याचा व्यायाम मुद्दाम निम्म्यावर आणा.

घराची तयारी

घरातली सगळ्यांत थंड जागा जनावराने आधीच हेरलेली असते: बाथरूमची फरशी, पलंगाखालचा कोपरा, दाराजवळचा झुळकीचा पट्टा. ती जागा त्याला दिवसभर मोकळी राहील असं बघा, दार चुकून बंद होऊ देऊ नका. ऊन खिडकीत यायच्या आधी पडदे ओढा. खोली एकदा तापली की मग पडद्यांचा फारसा उपयोग होत नाही.

बाहेर राहणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत सावलीचा विचार सकाळी एकदा करून भागत नाही. सकाळी सावलीत बांधलेला कुत्रा दुपारी उन्हात असतो, कारण सावली सरकते आणि साखळी सरकत नाही. उन्हाळ्यात जनावराला बांधून बाहेर सोडून जाणं मला मान्यच नाही, आणि गच्चीवर तर कधीच नाही. पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं कुत्र्याचं घर उन्हात आतून भट्टीसारखं तापतं. झाडाची सावली, वारा खेळेल अशी मोकळी जागा आणि जमिनीपासून थोडी उंच जाळीची खाट त्यापेक्षा कितीतरी चांगली.

एसी असेल तर २५-२६ अंश पुरेसे आहेत. कूलर कोरड्या हवेत छान काम करतो, दमट हवेत तो खोली आणखी दमट करतो. तुम्ही दिवसभर बाहेर असाल आणि सगळी मदार एसीवर असेल तर वीज गेल्यावर काय होईल याचा विचार आधी करा. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवा आणि बंद खोलीत कोंडण्याऐवजी जनावराला घरभर फिरण्याची मोकळीक द्या.

मांजर असेल तर उघड्या खिडक्या आणि बाल्कनी याकडे विशेष लक्ष हवं. उकाड्यात खिडक्या सताड उघड्या राहतात आणि मांजरं पक्ष्यांवर झेप घेताना किंवा कठड्यावर झोपेत कुशी बदलताना पडतात. हे इतकं नेहमीचं आहे की पशुवैद्यकात त्याला ‘हाय-राइज सिंड्रोम’ असं स्वतंत्र नावच पडलं आहे. मांजर चारी पायांवर उतरतं म्हणून त्याला काही होत नाही, या समजावर विसंबू नका. जबडा, छाती, पाय यांना गंभीर इजा होतात. घट्ट, ताणून बसवलेली जाळी लावा. डासांची सैल जाळी मांजराच्या वजनाला टिकत नाही.

पाणी आणि खाणं

कुत्र्याला साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला अर्धा लिटर किंवा थोडं जास्त. उन्हाळ्यात आणि कोरडं खाणं देत असाल तर ही गरज आणखी वाढते. एकाच्या जागी दोन-तीन भांडी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, म्हणजे एखादं सांडलं तरी अडत नाही. मातीचं किंवा चिनी मातीचं जड भांडं चांगलं. धातूचं भांडं उन्हात ठेवलं तर पाणी इतकं तापतं की जनावर तोंड लावत नाही. दिवसातून दोनदा तरी भांडं घासून पाणी बदला.

बर्फाचं पाणी प्यायल्याने कुत्र्याचं पोट फुगून तो दगावतो, असं सांगितलं जातं. त्याला आधार नाही. पाण्यात बर्फाचे खडे टाकायला हरकत नाही. मात्र धावून आल्या आल्या भसाभसा भांडंभर पाणी पिऊ देऊ नका, थोडं थोडं द्या. मीठ-साखरेचं पाणी किंवा माणसांची इलेक्ट्रोलाइट पावडर स्वतःच्या मनाने पाजू नका.

मांजरांना तहान कमी लागते, म्हणून त्यांना जेवणातूनच पाणी द्यावं लागतं. ओलं खाणं द्या किंवा खाण्यात कोमट पाणी कालवा. पाण्याचं भांडं पसरट असावं, मिशा घासू नयेत, आणि ते खाण्याच्या व शी-शूच्या ट्रेपासून लांब असावं. बऱ्याच मांजरांना वाहतं पाणी आवडतं, त्यांच्यासाठी छोटं कारंजं उपयोगी पडतं. बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल, ओरडत असेल आणि लघवी होत नसेल तर सकाळपर्यंत थांबू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, आणि पाणी कमी पिणाऱ्या बोक्यांना हा धोका जास्त असतो.

खाणं पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या. भूक थोडी कमी होणं स्वाभाविक आहे. पण मांजराने पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्यांना दाखवा, कारण उपाशी मांजराचं यकृत लवकर बिघडतं. ओलं खाणं तास-दीड तासानंतर उचलून टाका.

फिरायला नेताना

उष्माघात म्हटलं की बंद गाडीत अडकलेला कुत्रा डोळ्यांसमोर येतो. पण ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींवर आधारलेला २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळं चित्र दाखवतो. ज्या प्रकरणांत कारण नोंदलेलं होतं, त्यांत चारपैकी जवळजवळ तीन उष्माघात व्यायामामुळे झाले होते. गाडीत झालेले सुमारे ५ टक्के. म्हणजे प्रेमाने फिरायला नेलेले, चेंडूमागे पळवलेले कुत्रे यात सर्वाधिक होते. कुत्रा तुमच्यासोबत राहण्यासाठी अंगात त्राण नसतानाही पळतो, तो स्वतःहून थांबेल यावर अवलंबून राहता येत नाही. गरम दिवसांत चेंडू, सायकलसोबत पळवणं आणि जॉगिंग पूर्ण बंद ठेवा. एक दिवस न फिरल्याने कुत्र्याचं काही बिघडत नाही. घरात वास घेऊन खाऊ शोधण्याचे खेळ, गोठवलेला खाऊ भरलेलं खेळणं यानेही तो छान दमतो.

वेळ निवडायची तर संध्याकाळपेक्षा सूर्योदयाआधीची पहाट चांगली. डांबर आणि सिमेंट रात्रीपर्यंत उष्णता धरून ठेवतात. हवा २५ अंश असताना उन्हातला डांबरी रस्ता ५० अंशांच्या पुढे, आणि हवा ३१ अंशांवर गेली की ६० च्या आसपास जाऊ शकतो. निघण्यापूर्वी तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून सात सेकंद ठेवा. हात धरवत नसेल तर परत फिरा किंवा गवतावरून चला. पंजा भाजलाच तर दहा मिनिटं गार पाण्याची धार सोडा आणि दाखवायला न्या. त्यावर तेल किंवा टूथपेस्ट लावू नका.

तोंड घट्ट आवळणारी कापडी मुसकी उन्हाळ्यात घालू नका, त्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येत नाहीत. मुसकी लागतेच, तर तोंड पूर्ण उघडता येईल अशी पिंजऱ्यासारखी घ्या. चालताना जीभ रुंद होऊन टोकाशी चमच्यासारखी वळली, कुत्रा मागे रेंगाळू लागला, सावलीत बसकण मारू लागला की फिरणं तिथेच संपवा. ओढून ‘फक्त घरापर्यंत’ म्हणू नका. सावलीत थांबा, अंगावर पाणी ओता, मग पुढचं ठरवा.

केस, गोचीड आणि औषधं

हस्की, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. उन्हाळा आला की ते तासून टाकायचा मोह होतो. तसं करू नका. वरचा थर ऊन थेट कातडीपर्यंत पोहोचू देत नाही, आणि तासल्यानंतर केस कधीकधी नीट परत येतही नाहीत. उपयोग होतो तो रोज विंचरून आतली सुटलेली मऊ लव काढण्याचा, म्हणजे कातडीला हवा लागते. गुंता झालेले गठ्ठे कापून टाका, पोटाखालचे केस थोडे आखूड केले तरी चालतं. ज्यांचे केस सतत वाढतात त्या जातींचे केस कापायला हरकत नाही, फक्त कातडी उघडी पाडू नका.

पांढऱ्या मांजरांचे कान आणि नाकाचा शेंडा उन्हाने भाजतो, आणि वर्षानुवर्षं असं होत राहिलं तर तिथे कर्करोग होऊ शकतो. त्यांना दुपारच्या उन्हात बसू देऊ नका. माणसांचं सनस्क्रीन लावू नका, जनावर ते चाटतं आणि त्यातले झिंक ऑक्साइड व सॅलिसिलेट विषारी ठरू शकतात.

गोचीड आणि पिसवा या दिवसांत भराभर वाढतात. गोचीडतापाने कुत्र्याच्या रक्तातल्या पेशी घटतात, म्हणून रोज कानांच्या आत, मानेखाली, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून बघा. एक इशारा मात्र ठळकपणे लक्षात ठेवा: कुत्र्यांसाठीच्या परमेथ्रिनयुक्त (परमेथ्रिन म्हणजे गोचीड-पिसवा मारणारं एक कीटकनाशक) औषधाने मांजराचा जीव जाऊ शकतो. घरात दोन्ही असतील तर पशुवैद्यांना विचारूनच औषध निवडा.

गाडी

बाहेर २४ अंश असताना बंद गाडी दहा मिनिटांत ३४ अंशांवर आणि अर्ध्या तासात ४० च्या पुढे जाते. काच दोन बोटं खाली ठेवल्याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. पाच मिनिटांचं काम असलं तरी जनावराला घरी ठेवा.

ससे, पक्षी, मासे

सशाला धड घामही येत नाही आणि धापाही नीट टाकता येत नाहीत. तो मुख्यतः कानांतून उष्णता सोडतो. खोली २८ अंशांच्या वर गेली की त्याला त्रास सुरू होतो, गिनीपिगचंही तसंच. गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा, तो हवं तेव्हा तिला टेकून बसेल. कान ओल्या हाताने पुसा, पण सशाला पाण्यात बुडवू नका, तो घाबरून दगावू शकतो. शेपटीखालचा भाग दिवसातून दोनदा तपासा. तिथे घाण राहिली तर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या कातडी पोखरू लागतात.

पक्षी चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून लांब धरून बसला असेल तर त्याला उकडतंय. पिंजरा खिडकीतून हलवा, अंघोळीला उथळ भांडं ठेवा, बारीक फवारा मारा. कूलरचा किंवा एसीचा झोत थेट त्याच्यावर येऊ देऊ नका.

माशांच्या टाकीत अडचण तापमानाइतकीच प्राणवायूची असते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमिट करू लागले तर हवेचा पंप वाढवा, झाकण काढून जाळी घाला आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडा. एकदम बर्फ ओतू नका. पाणी हळूहळू, काही तासांत एक-दोन अंशांनीच उतरू द्या. खाणंही कमी टाका, कारण गरम पाण्यात उरलेलं अन्न आणि अमोनिया अधिक घातक ठरतात.

उष्माघात ओळखायचा कसा

सावलीत येऊनही न थांबणाऱ्या जोरदार धापा, घट्ट चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, अस्वस्थपणा ही सुरुवात. त्यानंतर उलटी, जुलाब (कधी रक्ताचे), झोकांड्या, हाकेला प्रतिसाद न देणं, झटके, बेशुद्धी. हिरड्या फिकट किंवा निळसर पडल्या तर वेळ फारच थोडा आहे. तापमान ४१ अंशांवर (१०५.८ फॅरनहाइट) गेलं की अवयवांना इजा होऊ लागते. मांजराने तोंड उघडून धापा टाकणं हे कधीच दुर्लक्ष करण्यासारखं नसतं.

पहिली काही मिनिटं

आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. हा क्रम महत्त्वाचा आहे. ब्रिटनमधल्याच नोंदींनुसार उष्माघात झालेल्या कुत्र्यांपैकी जेमतेम पाचांतल्या एकालाच दवाखान्यात नेण्याआधी थंड केलेलं होतं. गाडी शोधण्यात आणि रस्त्यात जाणाऱ्या वेळेत अंग तापलेलंच राहतं, आणि इजा वाढत जाते.

१. सावलीत किंवा थंड खोलीत हलवा, पट्टा आणि अंगावरचं सगळं काढा. बेशुद्ध असेल तर मान सरळ ठेवा.

२. जे पाणी हाताशी असेल ते अंगावर ओतायला लागा. पाणी जनावराच्या अंगापेक्षा थंड असलं की झालं. मान, छाती, पोट, मांड्यांच्या आतली बाजू, पाठ, सगळं केसांच्या मुळापर्यंत भिजवा. नाकातोंडात पाणी जाऊ देऊ नका. सोबत पंखा लावा किंवा पुठ्ठ्याने वारा घाला. गार पाण्याने रक्तवाहिन्या आकसतात म्हणून कोमटच पाणी वापरा, असा जुना सल्ला अजून फिरतो. त्यापायी थांबू नका, वेळ घालवणं जास्त घातक आहे. व्यायाम करताना कोसळलेला तरुण, निरोगी कुत्रा शुद्धीवर असेल तर डोकं वर धरून त्याला थंड पाण्याच्या टबात बसवता येतं. म्हाताऱ्या किंवा आजारी प्राण्यासाठी ओतणं आणि वारा घालणं हेच योग्य.

३. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका. तो काही वेळातच तापतो आणि आतली उष्णता आतच कोंडतो. हवं तर अंगाखाली पसरा.

४. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवा, पिईल तेवढं थोडं थोडं पिऊ द्या. तोंडात बळेच ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

५. एवढ्यात दुसऱ्या कोणाला तरी दवाखान्यात फोन करायला सांगा: कोणता प्राणी, किती वजन, काय झालं, किती वाजता, आता शुद्ध आहे का.

६. दर काही मिनिटांनी तापमान मोजा. ३९.५ अंशांवर (सुमारे १०३ फॅरनहाइट) आलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली घसरतं. थर्मामीटर नसेल तर धापा शांत होऊ लागल्या किंवा अंग कापायला लागलं की थांबा. ओल्या अंगानेच, एसी चालू ठेवून किंवा खिडक्या उघडून निघा.

पॅरासिटामॉल किंवा तापाची दुसरी कुठलीही गोळी देऊ नका. उष्माघातात अंग तापतं ते आजाराच्या तापासारखं नव्हे, त्यामुळे गोळीचा उपयोग शून्य, आणि मांजराला तर पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मारू शकते.

प्राणी उठून बसला, शेपटी हलवू लागला तरी दवाखान्यात न्याच. मूत्रपिंड, यकृत, आतडी आणि रक्त गोठण्याची क्रिया यांच्यावरचा परिणाम पुढच्या दोन-तीन दिवसांत उघड होऊ शकतो. रक्ततपासणी कधी आणि पुन्हा कितव्या दिवशी करायची ते पशुवैद्यांना विचारा. घरी आणल्यावर लघवी होते का, तिचा रंग गडद तपकिरी तर नाही, शी काळी किंवा रक्ताळलेली तर नाही, हिरड्यांवर वा पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटलेत का, हे दिवसातून दोन-तीनदा पाहत राहा. यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी फोन करा.